सिंफनी एक्सचा 'द ओडिसी' पहिल्यांदाच ऐकला: २४ मिनिटांचं गाणं पचवायचं कसं?

गोदाकाठ (धागाकर्ता)

मंडळी, पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगतो. प्रोग्रेसिव्ह सिंफनिक मेटल, म्हणजे ऑर्केस्ट्रा आणि बदलत्या लयी घातलेलं जड रॉक, हा प्रकार मी आजवर लांबूनच बघत होतो, म्हणजे केस वाढवलेली पोरं, काळे टीशर्ट आणि त्यावर न वाचता येणारी अक्षरं एवढीच ओळख. आता 'द ओडिसी' हा अल्बम अख्खा ऐकलाय, मधे फोन न उचलता, आणि मला यावर बोलायचंय पण घरात कुणी ऐकून घेत नाहीये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सिंफनी एक्स हा अमेरिकेतल्या न्यू जर्सीचा बँड, १९९४ पासूनचा. गिटारवर मायकल रोमिओ, गायला रसेल अ‍ॅलन, कीबोर्डवर मायकल पिनेला, ड्रम्सवर जेसन रुलो, बेसवर मायकल लपाँड. हा अल्बम २००२ चा. एकूण आठ गाणी, पहिली सात साधारण नेहमीच्या लांबीची आणि आठवं, ज्याच्या नावावरून अल्बमला नाव दिलंय, ते २४ मिनिटांचं. ग्रीक महाकवी होमरचं जे महाकाव्य आहे त्याचीच गोष्ट, ट्रॉयचं युद्ध संपवून घरी निघालेला ओडिसियस आणि त्याला वाटेत भेटलेली एकेक संकटं.

आता माझं म्हणणं. सिंफनिक म्हणलं की मला वाटायचं की मेटलचं गाणं आधी करून घ्यायचं आणि वरून व्हायोलिनचा साज चढवायचा, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात शेवटी चार जास्तीचे वादक आणतात तसं. इथं तसं अजिबात नाहीये. शेवटच्या गाण्याची सुरुवात ऑर्केस्ट्राने होते आणि बरीच मिनिटं माणूस गातच नाही, त्या ओव्हर्चरमधे ओडिसियसची एक धून आहे, ब्रासवर, म्हणजे पितळी फुंकवाद्यांवर येते, छाती काढून चालणारी, आणि ती एकदा कानात बसली ना की मग पुढची वीस मिनिटं तुम्ही हरवत नाही. काहीही चालू असो, राक्षस, चेटकीण, वादळ, ती धून कुठेतरी डोकं वर काढते आणि शेवटी तो घरी पोचतो तेव्हा ती पुन्हा पूर्ण थाटात येते. म्हणजे ऑर्केस्ट्रा हा गाण्याचा सांगाडा आहे, गिटार त्यावर चढवलेलं मांस. तो काढला तर गाणं उभंच राहणार नाही.

बाकी सात गाण्यांबद्दल पटकन. पहिलं 'इन्फर्नो' सुरू झालं तेव्हा मी आवाज कमी केला, इतका अंगावर येतो तो रिफ, म्हणजे गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा. 'अ‍ॅकोलेड टू' मला सगळ्यात आवडलं, त्यात गायकाला श्वास घ्यायला जागा आहे. 'किंग ऑफ टेरर्स' एडगर अ‍ॅलन पोच्या भयकथेवर आहे, गोष्ट माहीत असेल तर जास्त मजा. 'द टर्निंग' माझ्या तरी कानावरून गेलं, ते नसतं तरी चाललं असतं असं माझं मत, जाणकारांनी दगड मारावेत.

आणि गायक! मला वाटलेलं मेटल म्हणजे घशातून गुरगुर. हा माणूस सरळ, खणखणीत गातो, शब्द कळतात. हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी दहा वर्षं आधी ऐकलं असतं.

प्रश्न असा, की मधल्या भागात लय सारखी बदलते तिथे माझा पाय ठेका धरू शकत नाही. तुम्ही लोक ते कसं ऐकता? मोजता का? की सोडून देता?

कंपनीबस

अखेर! गोदाकाठ, वेलकम टू द डार्क साइड भो. मी नाशिकच्या अंबडला शिफ्टला जाताना कंपनीच्या बसमधे हेच ऐकायचो, बस निघाली की गाणं लावायचं आणि गेटवर उतरेपर्यंत ओडिसियस इथाकाला, म्हणजे घरी, पोचलेला असायचा, ट्रॅफिक असलं तर त्याच्या पुढचं गाणं.

'द टर्निंग' बद्दल दगड मारतोय, झेला. ते गाणं 'अवेकनिंग्ज' च्या आधी ठेवलंय ते मुद्दाम, एकदा तोंडावर फटका मारायचा आणि मग हळूच पुढचं सुरू करायचं. दोन्ही सलग ऐका, मग बोला.

एक भर घालतो. 'अ‍ॅकोलेड टू' मधला टू विसरू नका, पहिलं 'अ‍ॅकोलेड' त्यांच्या १९९७ च्या 'द डिव्हाइन विंग्ज ऑफ ट्रॅजेडी' मधे आहे, ते आधी ऐकून आलात तर दुसऱ्याचा अर्थ दुप्पट होतो. आणि त्या अल्बमचं शेवटून दुसरं गाणं पण वीस मिनिटांचं, तेव्हा या लोकांना लांबड लावायची जुनी खोड आहे.

शांतताप्रेमी

धागा वाचला, मग यूट्यूबवर ते गाणं लावलं. सहा मिनिटं तग धरली. माफ करा पण मला यात गोंगाटाशिवाय काही दिसलं नाही. दोन पायांनी धडधडधडधड, वर गिटारवाला जणू गाडी सुटायच्या आत सगळे स्वर संपवायचेत अशा घाईत. आणि ज्याला तुम्ही ऑर्केस्ट्रा म्हणताय तो ऑर्केस्ट्रा तरी आहे का? मला तर सरळ सरळ कीबोर्डमधला आवाज वाटला.

वायर_तुटली

शांतताप्रेमी, कान तयार आहेत तुमचे, मानलं. ती सिंफनी सॅम्पलवरच, म्हणजे खऱ्या वाद्यांच्या आधी रेकॉर्ड केलेल्या सुट्या आवाजांवरच बांधलेली आहे. रोमिओने न्यू जर्सीत घरच्या स्टुडिओत, 'द डंजन' नाव त्याचं, स्वतः बसून प्रत्येक वाद्याची ओळ लिहिली आणि प्रोग्रॅम केली. नव्वद जणांचा ताफा भाड्याने घ्यायला पैसे लागतात, त्यांच्याकडे होता तो एक माणूस, संगणक आणि भरपूर रात्री.

पण म्हणून ते खोटं ठरतं का? मला नाही वाटत. उलट बघा. मेटालिकाने १९९९ ला सॅन फ्रान्सिस्को सिंफनी बरोबर खरा ऑर्केस्ट्रा घेऊन वाजवलं, मायकल केमनने त्याचं संगीतसंयोजन केलं, मला ती मैफल आवडते पण तिथे गाणी आधी होती आणि ऑर्केस्ट्रा नंतर आला. बऱ्याच गाण्यांत तुम्ही तो काढून टाकलात तर काही अडत नाही. इथे उलटं आहे, धागाकर्ता म्हणतोय तेच. माणसं खरी की सॅम्पल यापेक्षा ओळ कुणी, केव्हा आणि कशासाठी लिहिली हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

रच्याकने (जाता जाता), गोदाकाठ, तुम्ही ऐकलं कशावर? फोनच्या स्पीकरवर ऐकलं असेल तर अर्धा अल्बम तुम्ही ऐकलेलाच नाही, बेस तिथे पोचतच नाही. आणि ब्रास वाजताना गिटार पण वाजत असते, दोघं साधारण एकाच पट्ट्यात, स्वस्तातल्या इअरफोनवर त्या दोघांचा चिखल होतो. भारी काही नको, वायरचा साधा बंद कपांचा हेडफोन पण फरक दाखवतो. आवाज फार वर नेऊ नका, हळू ऐकलं तर थर वेगळे होतात, मोठ्याने लावलं की सगळं एक होऊन कान दमतात आणि मग माणूस म्हणतो गोंगाट आहे.

मिसळ_विथ_पापड

सहा मिनिटं तग धरली म्हणजे अजून राक्षस पण नीट भेटला नसेल शांतताप्रेमींना. तर्रीवाली मिसळ पहिल्या घासाला अशीच लागते हो, घाम पुसायचा आणि चालू ठेवायचं.

ताशा_कडकडाट

तर्री म्हणलात आणि मी आलोच. मी ढोल-ताशा पथकात ताशा वाजवतो, गणपतीच्या आधी दीड दोन महिने सराव असतो, तेव्हा धागाकर्त्याच्या पायाच्या प्रश्नावर मी बोलू शकतो असं वाटतं.

आमच्याकडे बघा काय असतं. ताशाची तर्री म्हणजे दोन काड्यांनी इतकं बारीक वाजवायचं की ठोके वेगळे ऐकू येत नाहीत, सलग एक धार. आणि ढोल खाली जड, टिपरू एका बाजूला आणि हाताची थाप दुसऱ्या बाजूला, तो लय सांभाळतो. म्हणजे वेगवान गोष्ट वर, बारीक आवाजात, आणि जड गोष्ट खाली, सावकाश. आपला नाशिककरांचा कान लहानपणापासून यावर पोसलाय. मिरवणुकीत ढोल छातीत लागला की पाय आपोआप त्याच्याबरोबर पडतो.

मेटलमधे हे उलटं केलंय. वेगवान गोष्ट पायात दिलीय. डबल पेडल, दोन्ही पाय, तर्रीचं काम बास ड्रमवर. आणि जो ठेका आपण ढोलात शोधतो तो त्यांनी वर स्नेअरवर, म्हणजे हाताने वाजवायच्या चपट्या ड्रमवर ठेवलाय. मग आपण काय करतो, सवयीने खालचा जड आवाज पकडायला जातो, तो सोळा ठोके मारून पुढे पळालेला असतो आणि आपण म्हणतो गोंगाट. शांतताप्रेमी, तुमचं तेच झालं असणार.

उपाय सांगतो. पायांकडे दुर्लक्ष करा. फक्त स्नेअर ऐका, तो कडक 'ठाप' आवाज, तो बहुतेक वेळा सरळ आणि सावकाश असतो. मान त्यावर हलवा. पायांची धडधड मग आपोआप मागे सतरंजीसारखी पसरते. मी आमच्या पथकातल्या दोन पोरांना असंच ऐकवलं, आता ते सरावाच्या आधी हेच लावतात आणि ढोलवाले शिव्या घालतात.

तिहाई

वा, ताशा_कडकडाट, हे मी कुठे वाचलं नव्हतं. पूर्ण अनुमोदन.

मी तबला शिकलोय, शिकतोय म्हणा. गोदाकाठ यांनी विचारलं मोजता का, तर मी मोजतो, सवय जात नाही. पण मोजण्यात एक फसगत आहे ती सांगतो. या संगीतात सात मात्रांचे तुकडे भरपूर असतात आणि तबलेवाल्याला सात दिसलं की तो म्हणतो रूपक. रूपक म्हणजे तीन, दोन, दोन, आणि समेवरच, म्हणजे पहिल्या मात्रेवरच, खाली (टाळी नाही). पण रूपकाचं आवर्तन एकदा सुरू झालं की ते शेवटपर्यंत तेच राहतं, गाणारा कितीही भटकला तरी त्याला तिथेच परत यायचंय. तिहाई (तोच तुकडा तीनदा) घेऊन समेवर येण्यातली सगळी मजा आवर्तन कायम आहे म्हणूनच आहे.

इथं आवर्तन कायम नाहीये. सातचे दोन तुकडे, मग एक सहाचा, मग एकदम आठ, कारण गिटारच्या त्या फ्रेजची, म्हणजे सुरांच्या वाक्याची, लांबीच तेवढी आहे. लय फ्रेजच्या मागे जाते. आपल्याकडे फ्रेज तालाच्या मागे जाते. म्हणून सम शोधत बसाल तर रडाल. मी काय करतो, की रिफ तोंडाने म्हणून बघतो, पढंत करतो तसा, "धा तिरकिट धा धा" असं काहीही बसवून. दोनदा तोंडात बसला की पाय आपोआप त्याच्याबरोबर जातो आणि मोजायची गरजच उरत नाही. बायको म्हणते स्वयंपाकघरात काय पुटपुटताय, तो भाग वेगळा.

शांतताप्रेमी

@ताशा_कडकडाट, स्नेअरवाला प्रयोग करून पाहिला. प्रामाणिकपणे सांगतो, फरक पडला. आवडलं असं नाही, पण डोकं दुखलं नाही. मात्र माझा आक्षेप गिटारच्या घाईबद्दल अजून तसाच आहे. इतके स्वर कशाला? एक स्वर लावून धरण्यातही काही असतं की नाही.

कंपनीबस

असतं ना, आणि ते या अल्बममधे पण आहे, गायकाकडे. रसेल अ‍ॅलन स्वर लावतो आणि त्यावर उभा राहतो. गिटार पळते म्हणून तो थांबू शकतो. दोघंही पळाले असते तर मी पण तुमच्या बाजूने असतो. असे बँड आहेत, नावं घेत नाही, उगाच धागा पेटायचा.

पानगळ

मी शाळेत इंग्रजी शिकवते आणि मेटलशी माझा संबंध शून्य. मुलगा सिडकोत मित्राकडे जाऊन हे ऐकतो हे मला आजच या धाग्यावरून कळलं असं म्हणायला हरकत नाही, त्याच्या बोलण्यात इथाका आणि सायक्लॉप्स कुठून यायला लागले ते आता लक्षात आलं.

गाण्याच्या भागांची नावं पाहिली आणि मला एकदम रस वाटला. सात भाग आहेत, ओव्हर्चर, मग इथाकाकडे प्रवास, मग 'द आय' म्हणजे एकडोळ्या पॉलिफिमस, मग सर्सी, मग सायरेन्स, मग सिला आणि कॅरिब्डिस, आणि शेवटी घरात घुसून बसलेल्या मागणीदारांचा निकाल. ज्यांना गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पॉलिफिमस माणसं खातो, ओडिसियस त्याला दारू पाजून त्याचा एकुलता डोळा फोडतो. सर्सी त्याच्या माणसांना डुकरं करते. सायरेन्सचं गाणं ऐकलं की खलाशी खडकावर जाऊन आपटतात, तर हा काय करतो, बाकीच्यांच्या कानात मेण घालतो आणि स्वतःला शिडाच्या खांबाला बांधून घेतो, कारण त्याला ऐकायचंच असतं. सिला सहा डोक्यांची, ती सहा माणसं उचलते, आणि समोर कॅरिब्डिसचा भोवरा. दहा वर्षं युद्धात आणि दहा वर्षं वाटेत, वीस वर्षांनी माणूस घरी येतो तर अंगणात बायकोचा हात मागणारे ठाण मांडून बसलेले. मग धनुष्य उचलतो, बारा कुऱ्हाडींतून बाण आरपार काढतो आणि पुढचं रक्तरंजित आहे.

मला लक्षणीय वाटलं ते काय वगळलंय. कॅलिप्सोच्या बेटावर तो सात वर्षं अडकतो, म्हणजे परतीच्या दहातली सात. भागांच्या नावात तिचा पत्ताच नाही. आणि होमरची सांगायची पद्धत सरळ नाही, तो गोष्ट मधून सुरू करतो आणि संकटं ओडिसियस स्वतः दुसऱ्यांना बसून सांगतो. या लोकांनी ती सरळ केली, निघाला, अडकला, पोचला. वर्गात मी याला मार्क कापले असते, पण २४ मिनिटांच्या गाण्याला हेच बरोबर असावं, ऐकणाऱ्याला पान मागे उलटता येत नाही ना.

गोदाकाठ (धागाकर्ता)

पानगळ ताई, हा प्रतिसाद स्वतंत्र धाग्याच्या तोडीचा आहे. सायरेन्सचा भाग मी काल रात्री तुमची पोस्ट वाचून परत ऐकला, खांबाला बांधलेला माणूस डोळ्यासमोर आणून. काय फरक पडतो! आधी तो नुसता पुढच्या भागाकडे नेणारा तुकडा वाटलेला.

ताशा_कडकडाट आणि तिहाई, दोघांचेही उपाय केले. स्नेअरचा उपाय 'इन्फर्नो' ला अचूक लागू पडतो. पण मोठ्या गाण्यात जिथे फ्रेज बदलत राहते तिथे मला तोंडाने म्हणण्याचा जास्त उपयोग झाला. सोमेश्वरच्या रस्त्याला सकाळी चालताना "धा तिरकिट" करत होतो, समोरून येणाऱ्या काकांनी रस्ता बदलला.

वायर_तुटली, ऐकलं बंद कपांच्या हेडफोनवरच, मुलीचा आहे. तिने परत मागितलाय.

रातराणी

मला वाटतं धाग्यावर सगळे एका अल्बमवर अडकलेत. सिंफनिक मेटलमधे येण्याची दुसरी वाट पण आहे आणि नवख्याला ती सोपी आहे. फिनलंडचा नाइटविश, १९९६ पासूनचा, किटी नावाच्या छोट्या गावातला. त्यांच्या २००४ च्या 'वन्स' मधे खरा ऑर्केस्ट्रा आहे, लंडन फिलहार्मोनिकचा, आणि गायिका तार्या तुरुनेन ऑपेराचं शिक्षण घेतलेली. 'घोस्ट लव्ह स्कोअर' दहा मिनिटांचं आहे, २४ चा डोंगर चढण्याआधी ते ऐका. मात्रांची कसरत नाही, सूर धरून चालता येतं. मी तिथून सुरुवात केली, आणि मग मार्क यान्सनच्या एपिकाकडे गेले, नेदरलँड्सचे आहेत, तिथे गुरगुर पण आहे आणि कॉयर (समूहगान) पण, दोन्ही एकाच गाण्यात.

कंपनीबस

रातराणी, नाइटविश उत्तमच पण त्यात प्रोग्रेसिव्ह कमी आहे. धागाकर्त्याला प्रॉब्लेम प्रोग्रेसिव्हचा आहे, सिंफनिकचा नाही. ते शिकायचं तर ड्रीम थिएटरच्या १९९२ च्या 'इमेजेस अँड वर्ड्स' कडे जावं लागेल, तिथे ऑर्केस्ट्रा नाही, नुसती कसरत आणि सूर, पण मात्रा बदलल्यावरही गाणं गाण्यासारखं कसं ठेवायचं ते बऱ्याच जणांनी तिथूनच उचललंय.

रातराणी

म्हणजे नवख्याला आधी व्याकरण आणि मग कविता असं तुमचं म्हणणं. माझं उलटं आहे. हेमाशेपो (हे माझे शेवटचे पोस्ट).

मिसळ_विथ_पापड

हेमाशेपो म्हणणारे नेहमी परत येतात, मी पैज लावतो.

वायर_तुटली

जुन्या इतिहासात थोडं डोकावू का? रॉक बँड आणि ऑर्केस्ट्रा एका मंचावर हे काही आजचं नाही. डीप पर्पलने १९६९ ला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधे रॉयल फिलहार्मोनिकबरोबर वाजवलं, कीबोर्डवाल्या जॉन लॉर्डने त्यासाठी तीन भागांची अख्खी रचना लिहिली होती. ती ऐकली की लक्षात येतं, बँड आणि ऑर्केस्ट्रा आलटून पालटून बोलतात, एकत्र फार कमी. गिटारचा आवाज मोठा की शंभर माणसांना वाट द्यावी लागते. सॅम्पलमुळे रोमिओला ती अडचणच नव्हती, व्हायोलिन हवं तेवढं वर करता येतं. त्यामुळे शांतताप्रेमींना जे खोटं वाटलं त्याच्यामुळेच गिटार आणि ब्रास एका वेळी वाजू शकले. स्टेजवर हा तोल असाच्या असा आणणं अवघडच.

तिहाई

हे पटलं. आणि रोमिओवर चित्रपटांच्या पार्श्वसंगीताचा, खास करून जॉन विल्यम्सचा, प्रभाव आहे हे ओव्हर्चर ऐकताना कुणालाही कळेल. प्रत्येक पात्राला एक धून द्यायची आणि प्रसंगाप्रमाणे तिचे कपडे बदलायचे. धागाकर्त्याने जी धून पकडली ती हीच युक्ती. ती मोठ्या ब्रासवर येते तेव्हा शूर वाटते, तीच मंद गिटारवर आली की घराची आठवण. सिला-कॅरिब्डिस नंतर 'ड्रिफ्टिंग होम' चा तुकडा मुद्दाम ऐका.

शांतताप्रेमी

आता मला ते 'ड्रिफ्टिंग होम' तरी ऐकावंच लागणार. थेट तिथे गेलं तर चालतं का, की आधीचं सगळं सोसावं लागेल?

ताशा_कडकडाट

थेट गेलात तर छान वाटेल, पण नुसतं छान. सिला आणि कॅरिब्डिसमधे ड्रम्स, गिटार, ऑर्केस्ट्रा सगळे एकमेकांवर आदळतात, तिथे माणूस गुदमरतो आणि मग ते थांबतं. ते थांबणं कळायला आधीचं आदळणं ऐकलेलं पाहिजे. मिरवणुकीत तासभर वाजवून पथक एकदम थांबतं ना, कानात शिट्टी वाजत राहते, ते घरी बसून कसं कळणार.

पानगळ

शांतताप्रेमी, सर्सीपासून सुरू करा, मधला मार्ग. पॉलिफिमस डोळा फुटल्यावर ओरडतो, तुम्हाला तो झेपणार नाही.

शांतताप्रेमी

ठीक. सर्सीपासून. पण आवाज निम्मा.

रातराणी

परत आले, मिसळ जिंकली. फक्त एक सांगायचंय, 'अ‍ॅकोलेड टू' मधे तो शेवटी जो वरचा स्वर घेतो तिथे मी गाडी चालवत होते, मुंबई नाक्याच्या सिग्नलला, हिरवा झालेला कळलाच नाही आणि मागून सगळ्यांनी हॉर्न वाजवले. कंपनीबस, तुमचा ड्रीम थिएटर पण ऐकते, पण आधी तुम्ही एपिका ऐकायचा. मान्य?

कंपनीबस

मान्य. पण गुरगुर आली की मी फॉरवर्ड करणार.

मिसळ_विथ_पापड

फॉरवर्ड करणाऱ्याला पैसे परत नाहीत.

गोदाकाठ (धागाकर्ता)

धागा इतका चालेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. 'टर्निंग' आणि 'अवेकनिंग्ज' सलग ऐकले, कंपनीबसचं अर्धं पटलं. 'अवेकनिंग्ज' साठी ते गाणं कामाचं आहे पण स्वतंत्र उभं राहात नाही, माझं मत तेच.

पुढे त्यांचा २००० चा 'व्ही' घेतोय, अटलांटिसची गोष्ट आहे म्हणे आणि मधेच मोझार्टच्या रेक्विएममधला लॅक्रिमोसा येतो. तिहाई, तुम्ही पण ऐका आणि बोल तयार ठेवा, मला मात्रा जमल्या नाहीत तर तुमच्याकडे फोन येईल. कंपनीबस, सोमवारी तुमच्या बसला जागा धरा, पोचायला अख्खा अल्बम तर लागणार नाही पण निम्मा तरी होईल.

कंपनीबस

पाथर्डी फाट्याला थांबतो आपण पाचेक मिनिटं, तिथे चढा. खिडकी माझी.